कार्डावरचा ल

सत्तरी ओलांडली म्हणून बाबांना कार्ड मिळालं,
पाच लाखांचं. नव्या बाजारातून वीस रुपयांत
लॅमिनेशन करून आणलं.
त्यावर छापलंय: मोरेश्वर पिंगले.
बाबा अधूनमधून त्या ल-वरून नख फिरवतात,
जणू प्लास्टिकखाली ळ दडलाय.

आजारी मी आहे. एकेचाळीस वर्षांचा.
आमचं नाव गरिबांच्या यादीत नाही,
आणि श्रीमंतांच्या यादीत असल्याचं
अजून कुणी कळवलेलं नाही.

जुन्या कॅलेंडरच्या मागे
बाबांनी नंबर लिहिले, मुनीमगिरीच्या अक्षरात,
आणि हॉलमध्ये उभं राहून फोन लावले.
पहिले डॉक्टर शहर सोडून गेलेले.
दुसरीकडे कार्ड चालतं, पण गुडघ्याला, मोतीबिंदूला.
"और दिमाग के लिए?"
"चोट लगी है क्या?"
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
"दिखती नहीं," म्हणाले.
तिसरीकडची बाई नीट बोलली.
"भर्ती हुए तो चलेगा अंकल,
बात करने का नहीं चलता."
बाबांनी लिहिलं: बोलण्याचं चालत नाही.
खाली दोन रेघा ओढल्या,
ताळेबंदाखाली ओढतात तशा.

चौथा लागला नाही. पाचवीकडे म्हणाले,
लेके आइए, देखेंगे.

त्या रात्री बाबांनी ठरवलं:
"नाव माझं, आजार तुझा.
मी सांगतो, तू नुसता शेजारी बस."
एकतीस वर्षं कापडाच्या पेढीवर
एका पैचा खोटा आकडा न लिहिलेला माणूस
मला शुद्धलेखन घातल्यासारखा विचारत होता:
झोप किती वाजता तुटते? भूक? रडू?
रडू येतं, की येत नाही?
मी सांगत गेलो. ते लिहीत गेले.

पडावच्या पुढे, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
"पिंगले मोरेश्वर!"
बाबा उठले नाहीत.
"पिंगले जी!"
"पिंगळे," बाबा म्हणाले. "जीभ मागे वळवा."
कंपाउंडर पोरानं प्रयत्न केला: "पिंगड़े?"
बाकावरच्या दोघीतिघी हसल्या.
कितीतरी दिवसांनी मीही.

डॉक्टर तरुण होती, तिचेच डोळे जागरणाचे.
बाबांनी कागद उघडला.
साडेतीनला जाग येते. (माझी.)
दाढी अर्ध्यावर सोडून देतो. (माझी.)
घास तोंडात राहतो, गिळायचं सुचत नाही.
हेही माझंच. हिंदीत ऐकताना
दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं, बरं वाटलं.

मग बाबांनी कागद उलटा केला.
मागे काही नव्हतं. तरी वाचत राहिले:
"रात को लड़के के दरवाज़े पे खड़ा रहता हूँ.
साँस सुनाई दे, तब तक.
फिर लगता है एक बार और सुन लूँ.
ऐसे सुबह हो जाती है."

हे माझं नव्हतं.
मला मुलगा नाही.

"कब से?"
"दिवाळीपासून," बाबा चुकून मराठीतच बोलले.
कागदावर मी होळी सांगितली होती.

तिनं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं,
टेबलावरून हळूच परत सरकवलं.
"ये तो भर्ती का है, अंकल."
थोडं थांबून विचारलं,
"मरीज़ कौन है?"
आम्ही दोघांनीही
तिच्यामागच्या थायरॉइडच्या तक्त्याकडे पाहिलं.

फी सहाशे. नगद. एकाचीच घेतली,
पर्च्या मात्र दोन लिहिल्या.
नाव इंग्रजीत, म्हणजे ळ तिथेही नाही.
पण बाबा काही म्हणाले नाहीत.

टेम्पोत किल्ला डावीकडून उजवीकडे गेला.
वरच्या खिशात कार्ड उभं,
वाकत नाही, त्यामुळे बाबांना नीट टेकता येईना.
कंपूच्या वळणावर म्हणाले,
"आजपासून दार उघडं ठेवत जा."
जरा वेळानं:
"म्हणजे मला खुर्ची आणता येईल."