टेपचं दुसरं टोक

भेगेवर मी मार्चमध्ये काच चिकटवली होती,
बोटभर रुंद पट्टी, दोन्ही कडांना प्लास्टर,
वर पेन्सिलीनं तारीख.
काच फुटली तर भिंत चालते आहे,
एवढीच परीक्षा.
मेअखेर गेले तर काचेचे दोन तुकडे
आणि त्यावर कुणीतरी लावलेली सेलोटेप.

भवानी पेठ, तीन मजली, अडुसष्ट सालची.
बिऱ्हाडं सव्वीस, मालक सात.
साती भाऊबंद एकमेकांशी बोलत नाहीत,
महापालिकेशी बोलतात, वकिलामार्फत:
कधी पाडताय?
बिऱ्हाडं विचारतात:
मॅडम, मालकाकडून किती मिळाले?

मी दोघांनाही तेच कलम वाचून दाखवते.
पहिली नोटीस, दुसरी नोटीस,
तिसरी जिन्याच्या दारावर. खळ वाळायच्या आत
पोरांनी तिच्यावर कोळशानं स्टंप काढले.
नळ तोडला तेव्हा शिव्या खाल्ल्या.
वीज तोडली तेव्हा कुणी काहीच बोललं नाही.
शिव्या बऱ्या होत्या.

पाडण्याआधी मोजायचं असतं.
खोली जाते, खोलीचं माप राहतं,
उद्या तिथं कुणी बांधलं
तर त्या मापावर परत येता येतं.
(बांधलं तर. कधी, ते कागदावर नसतं.)

बिगारी त्या दिवशी आलाच नाही.
टेपचं दुसरं टोक धरायला
मल्लय्या चिलवेरी पुढे झाले,
खोली नंबर चार, शिलाईकाम, वय सत्तर.
आदल्या दिवशी मला 'घरबुडवी' म्हणालेले तेच.
टोक त्यांनी कोपऱ्यात असं धरलं
जसं गिऱ्हाइकाच्या खांद्यावर धरतात,
ढिलं नाही, टोचतही नाही.
"अकरा फूट दोन," मी म्हणाले.
"साडेतीन," ते म्हणाले. "भिंतीनं पोट काढलंय,
खाली, पायापाशी धरा."
पायापाशी धरलं. साडेतीन होतं.
दीड इंच त्यांच्या नावावर वाढवला.

मग सगळ्या खोल्यांना तेच आले.
जुबेदा तांबोळी म्हणाल्या, माळा धरा की.
माळा धरता येत नाही. मोरी धरली.
गॅलरीवरून वाद झाला, अर्धी धरली.
सतरा नंबर कुलूप लावून गेलेले,
पंचांसमोर उघडलं:
आत पंख्याचं बटण चालू,
वीज नसलेल्या पंख्याचं.

बोळात जेसीबी शिरत नाही.
म्हणून वरून, घणानं, कमरेला दोर बांधून
नऊ माणसं, अकरा दिवस.
खर्च साती मालकांच्या मिळकतकरात चढवला.
आता तरी एकमेकांशी बोलतील.

ऑगस्टात चिलवेरी प्रमाणपत्र न्यायला आले,
आता हडपसरला, मुलाकडे.
नावातली वेलांटी चुकली होती, ती पाहिलीच नाही.
आकड्यावर बोट ठेवलं. साडेतीन.
कागदाची घडी घातली, नखानं दाबली,
खिशात ठेवली, पुन्हा काढून पाहिली.

जाताना दारात थांबले.
"ती सेलोटेप माझी होती."

ओळखलं होतं, मी म्हटलं.
कड सरळ कापलेली होती.