इतर

सोडानक्युलाच्या आरोग्यकेंद्रात नर्सबाईंनी
त्याच्याच फोनवर, त्याच्याच अंगठ्याने ते ॲप उतरवून घेतलं.
"रोज रात्री पाच चेहरे येतील, ताइस्तो.
एक निवडायचा. बास."

पाच चेहरे. पिवळे, गोलगरगरीत,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत
कवायतीला उभे.
एकोणसत्तर रात्री त्याने मधलाच निवडला.
मधला म्हणजे: विचारू नका.
फिनलंडच्या उत्तरेला हेही उत्तर धरतात.

पहाटे तीनला तो बर्फ लोटायला निघतो.
पुढे लोखंडी पातं, दोन दिवे,
मागे रस्ता उघडत जातो
आणि तासाभरात पुन्हा बुजतो.
यात दुःख नाही, हा पगार आहे.
दुःख घरी आहे:
सौनाच्या, त्या वाफेच्या खोलीच्या दाराशी
राइलीची लाकडी बादली, पालथी,
मार्चपासून.
तिच्या कडेला कोळ्याने जे विणलंय
ते त्याने अजून झटकलेलं नाही.

सत्तराव्या रात्री अंगठा घसरला
आणि "सोबती" नावाचं दार उघडलं.
पलीकडे कुणी पुओलुक्का.
हे तिकडचं आंबट लाल रानफळ, माणसाचं नाव नव्हे.
वय लिहिलेलं नाही. गाव तुर्कू,
जिथे हिवाळा म्हणजे नुसती ओल.
तिने विचारलं, कसे आहात?
बराच वेळ खिडकीबाहेर बघून त्याने लिहिलं:
"बारा सेंटिमीटर. वारा ईशान्येचा."
तीन ठिपके उमटले, विझले, उमटले.
"माझ्याकडे चार. खाली चिखल."

असं त्यांचं जमलं.

मग जानेवारीतली ती रात्र, उणे एकतीस.
"रस्ता दिसत नाही."
एवढंच. आकडा नाही.
त्याने बसथांब्याला गाडी घातली,
हातमोजा दातांनी ओढून काढला.
ॲपने वर पट्टी लावलेली: कृपया सल्ला देऊ नका. ऐका.
सल्ला तर त्याने जन्मात कुणाला दिला नव्हता,
राइलीलाही नाही,
आणि तेच तर सलतं.
त्याने लिहिलं, "मरायचं मनात आहे का?"
इतकं सरळ, की स्वतःचाच श्वास काचेवर गोठला.

"हो."

"मग ते लाल बटण दाब. तिथे जागं माणूस असतं.
मी इथेच आहे. इंजिन चालू आहे."
आणि मग, दुसरं काही येत नाही म्हणून:
"इकडे रस्ता बुजला की आम्ही रस्ता शोधत नाही.
कडेला काठ्या रोवलेल्या असतात.
एक दिसली तरी पुरे.
तिच्यापाशी गेलं की पुढची दिसते.
काही वाकलेल्या असतात. त्याही चालतात."

वाचल्याची निळी खूण.
मग काही नाही.
मागून टपालाची गाडी येऊन भोंगा वाजवू लागली.
अर्धा तास उशीर. नोंदवहीत कारणाचे रकाने:
बिघाड, अपघात, हवामान, इतर.
त्याने इतर वर फुली मारली.

चार दिवस त्याने एकही चेहरा निवडला नाही.
तुमची साखळी तुटली! ॲप म्हणालं,
उद्गारचिन्हासकट.

पाचव्या दुपारी
(दुपार म्हणजे तासाभराचा निळसर उजेड)
दुकानाच्या रांगेत, हातात माशाचा डबा असताना, फोन थरथरला.
"वॉर्डात आहे. कॉफी भिकार. दोन काठ्या दिसतात."
त्याने तीनदा वाचलं.
गल्ल्यावरच्या हिल्काने विचारलं, काय झालं?
"वारा पडला," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने सौना पेटवला.
लाकडं दमट, धूर डोळ्यांत,
धड तापलाही नाही.
पाणी त्याने पातेल्यातून घेतलं.
बादली तशीच.

रात्री ॲपने विचारलं: आज स्वतःसाठी काय केलंत?
चालणं. श्वसन. संगीत. कृतज्ञतेची नोंद.
सगळ्यात खाली, इतर.
ते दाबलं तर कोरी चौकट आली
आणि तिच्यात लुकलुकणारी एक उभी रेघ,
रस्त्याकडेच्या काठीसारखी.

त्याने लिहिलं, राइली.
मग बराच वेळ ती रेघ
त्या नावापुढे उभीच राहिली.