रिव्हर्सच्या वायरीतून

करासवाड्याला टायरवाल्याच्या मागे
एझलर बारेटोचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, एक टेबलफॅन
आणि डॅशबोर्ड उघडलेल्या तीन गाड्या,
दंतवैद्याकडं आ करून बसल्यासारख्या.

आमची चौथी.
अकरा वर्षांची. कंपनीनं दिलेला पडदा आहे तिला,
त्याला रेडिओ कळतो, सीडी कळते,
घड्याळ कळतं, तेही सात मिनिटं पुढचं.
फोन म्हणजे काय, हे त्याला सांगायला
आजवर कुणी गेलंच नाही.

"पडदो बदलूंक नाका, बाये," एझलर म्हणाला,
"ओरिजिनल आसूं दी. पाटल्यान एक पेटी घालतां."
आणि प्लास्टिकची पट्टी फटीत सारून
त्यानं चौकट अशी उचकटली
की माझ्या दाढा शिवशिवल्या.

हे स्टुलावर, हातात टोपी.
दोन वर्षं झाली, डोळ्यांतली नस सुकत चालली,
स्टिअरिंग माझ्याकडं आलं.
रस्ता मात्र ह्यांच्याकडंच राहिला.
"डावीकडं ठेव, बेकरीचा वास आला."
"आता चढ. दुसरा टाक."
"वडाची सावली गेली ना अंगावरून? मग आता हॉर्न."
मी मुकाट घेत गेले वळणं.

पण पर्वरीला रस्ता खणलाय. वळसे रोज बदलतात,
आणि ह्यांच्या डोक्यात पर्वरी जुनीच.
जूनमध्ये बांबोळीची तारीख चुकली त्यामुळं.
डॉक्टरांनी दीड महिन्यानंतरची दिली.
गाडीत आम्ही कुणीच काही बोललो नाही.
रात्री मीच ह्या पेटीचं विचारलं.
हे म्हणाले, "घाल की. तुझी गाडी."
तुझी.

आत वायरींचं हे एवढं जंजाळ,
माडाच्या मुळांसारखं.
त्यातली एक एझलरनं चिमटीत धरली.
"ही मागच्या कॅमेऱ्याची. हिच्यातून चित्र आत सोडतो.
गाडीला पत्ताच लागत नाही.
तिला वाटतं, आपण रिव्हर्स घेतोय,
मागचंच बघतोय."

हे तासभर गप्प होते. आता मान वर केली.
"म्हणजे दाखवायचा पुढचा रस्ता
आणि तिला सांगायचं, हा मागचा."
"तशेंच, पात्रांव."
"मग माझ्यात नि तिच्यात फरक काय?"

एझलरला हसावं की नाही कळेना.
त्यानं फॅन जरा आमच्याकडं वळवला.

चौदा हजार. दोन क्लिपा उरल्या टेबलावर.
"त्यो खंयच्यो?" मीच विचारलं.
"एक्स्ट्रा आसतात," म्हणाला, आणि खिशात टाकल्या.

निघालो. पडद्यावर निळी रेघ,
कुणी बाई बोलायला लागली, गोड, घाई नसलेली.
"टिव्हिमच्या दिशेनं सरळ जा."
"थिवी," हे पुटपुटले.
"असोनोरा येथे उजवीकडं राहा."
"अस्नोडा गं. अस्नोडा."
"बिचोलिम, नऊ किलोमीटर."
आता मात्र हे सरसावून बसले.
"डिचोली! साहेब जाऊन इतकी वर्षं झाली,
त्यांचा तो शेवटचा म
हिच्या तोंडातून अजून जात नाही!"

मी कडेनं पाहिलं.
जूनपासून पहिल्यांदा हसत होते,
टोपी गुडघ्यावर आपटत.
पुढं सँक्वेलिम यायची वाट बघत.

ती आली. ह्यांनी तिला साखळी शिकवली, तीनदा.
ती शिकली नाही.

फाटकाशी रिव्हर्स टाकला.
नकाशा गेला, खरं मागचं आलं:
जांभ्याची भिंत, तिरकी मोरी,
शेजाऱ्यांचं मांजर जागचं न हलणारं.
"आपण पोचलात," बाई म्हणाली.

"अजून हातभर," हे म्हणाले. "घे.
घे. थोडं डावं.
बस्स."

डाव्या बाजूला, क्लिप नसलेल्या जागी,
डॅशबोर्ड अजून टकटकत होता.