श्वसन : वीस

दुपारी दोनचा तास. रात्रपाळी करून आलेल्या पोरी
ॲप्रनच्या बाहीत जांभया लपवतात.
फळ्यावर मी लिहिते : मध्यमान, मध्यगा, बहुलक.
मागून हळूच, "बहुलक म्हंजे कोनती गोळी शे वं?"
हसू बाकाबाकावरून फिरत येतं, मीही हसते.
दोंडाईच्याहून पॅसेंजरने येते मी,
तासावर पैसे मिळतात, हसण्याचे वेगळे नाहीत.

पुस्तकातले कारखान्याचे बोल्ट
यांच्या कामाचे नाहीत.
म्हणून म्हटलं, वॉर्डातले आकडे आणा, तुमचेच.
ताप, नाडी, श्वसन. प्रत्येकी दोन रुग्ण.

आले. बेचाळीस जणांचे चौऱ्याऐंशी.
ताप पसरला होता तापासारखा,
नाडी तिच्या मनासारखी,
श्वसनाच्या फुल्या मारायला घेतल्या
तर खडू एकाच जागी वर वर चढत गेला.
वीस. वीस. वीस.
न्यूमोनियाचं पोर वीस, बाळंतीण वीस,
पायावर कुऱ्हाड बसलेला वीस,
एकाहत्तर माणसं एका तालात
छाती वर, छाती खाली,
कवायतीच्या मैदानासारखी.
फळा उंचीला अपुरा पडला.

"बहुलक सापडला," मी म्हटलं.
या वेळी कुणी हसलं नाही.

मग हितेंद्र शिंपी उठला, वर्गातल्या तीन मुलांपैकी एक :
"मॅडम, आख्खं मिनिट छातीकडे कोन दखत बसस?
चाळीस पेशंट, एक सिस्टर, तिकडे सलाईन सरी जास."
खरं होतं. तेही मी वहीत नोंदवलं.
आकडा खोटा पडतो तेव्हा
खाटांची संख्याही मोजायची असते.

उरले तेरा. फळ्याच्या तळाशी विखुरलेले.
अठरा, बावीस, चोवीस, अकरा आकडे सम :
अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेले,
थोडी लाज बाळगून केलेली घाई.
विषम फक्त दोन. सतरा आणि एकतीस.
दोन्ही जमुना पावराचे.

जमुना फार बोलत नाही. धडगावकडची.
पाडा कुठला विचारलं तर आधी नदी सांगते,
मग डोंगर, मग नाव.
तिचा कागद : खाट नऊ, गेंदीबाई, वय अंदाजे साठ,
श्वसन एकतीस.
शेरा : वारा मिरचीकडून.

पौष होता. गावाबाहेर पथारींवर
एकरच्या एकर लाल मिरची वाळत पडलेली.
वारा फिरला की अख्खं नंदुरबार खोकतं,
पदर नाकाला लावतं, दार लोटून घेतं,
आणि कुठल्याच तक्त्यात वाऱ्याला रकाना नसतो.

"वारा पडल्यावर?" मी विचारलं.
तिनं कागद उलटा केला.
मागे पेन्सिलनं : सत्तावीस. पंचवीस. पहाटे चारला तेवीस.
"मनगट धरून बसले, नाडी बघतेय असं दाखवलं.
श्वास मोजतेय सांगितलं ना मॅडम,
की माणूस वेगळाच श्वास घेतो."

हे माझ्या पुस्तकात चौथ्या प्रकरणात आहे,
लांबलचक नावानं. तीन वर्षं शिकवतेय,
कुणाचं मनगट धरून नाही.

चाचणीत जमुनाचं प्रमाण विचलन चुकलं.
वर्गमूळ काढायला विसरली.
पंचवीसपैकी अकरा. मी अकराच दिले,
आणि पेन बराच वेळ त्या आकड्यावर ठेवून बसले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये समोर एक म्हातारा झोपलेला,
मांडीवर कोथिंबिरीची जुडी, तोंड अर्धवट उघडं.
घड्याळ हातातच होतं. म्हटलं, बघू.
छाती वर येते, थांबते,
आता येईल असं वाटतं तिथं येत नाही,
मग येते.
चाळिसाव्या सेकंदाला रनाळे आलं,
चहावाला चढला, गलका झाला, मोजणी मोडली.
अकरा की बारा?

वीस लिहिता आलं असतं.
वहीत लिहिलं : माहीत नाही.
पुन्हा मोजायला घेतलं.