खरखर

जळालेल्या यंत्रमागाच्या मोटरीतली तांब्याची तार,
एकशेदहा वेढे मोजून मी ही थाळी केली.
दांडा पडद्याच्या नळीचा, पेटी जुन्या ट्रान्झिस्टरची,
हेडफोन शेजारच्या पोरानं टाकून दिलेले.
अनसूया म्हणते, झाडायला एवढा माळ मिळाला,
घरात कधी केरसुणीला हात लावला नाही.

बीबीदारफळच्या पुढं, मायाप्पाची मेंढरं जिथं दुपारी बसतात,
तिथं रविवारी उजाडताना मी झाडत असतो.
लोखंड बोलतं जाड, घसा बसल्यासारखं.
पितळ टिंग करतं.
चांदी म्हणे शीळ घालते.
आजवरची कमाई: बैलाचा नाल, अर्धा;
ट्रॅक्टरची पिन; सोडावॉटरची बुचं;
आणि एका धोट्याचं पोलादी टोक.
माग सगळे शहरात, टोक इथं कसं,
ते मलाही माहीत नाही.

पहिल्यांदा दचकलो ते पखुर्ड्यांना.
थाळीपुढची हातभर जमीन उडाली.
जमीनच म्हणतो, कारण पक्षी तिथं नव्हतेच,
मुरूम होता, त्याला पंख फुटले,
आणि मी मटकन कुसळांत.
त्यातली काही अजून पायजम्यात आहेत.

पण सांगायचं ते फाल्गुनातलं.
बाभळीपासून सव्वीस पावलांवर
शीळ आली.
बारीक, लांब, कुणी गल्लीतून नाव न घेता बोलवावं तशी.
गुडघे टेकले, खुरपं काढलं,
आणि खरखर सुरू झाली.

पंचवीस वर्षं अशोक चौकात रेडिओ उघडलेत मी.
खरखर मला शिकवू नये कुणी.
तार हलली असेल, डाग सुटला असेल.
पेटीला टपली मारली. खरखर.
आवाज कमी केला. खरखर तेवढीच.
बटण बंद केलं.
शीळ गेली,
खरखर राहिली.

हेडफोन काढले.
खुरप्याच्या पात्यापासून वीतभर,
मुरमाच्याच रंगाचं, कडेला पांढरी नागमोड,
अंगाला अंग घासत, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं
फुरसं.
सारखं सरकत होतं आणि कुठंच जात नव्हतं.
डोकं तेवढं जागच्या जागी.
मी वेढे मोजणारा माणूस,
तिथंही मोजले. चार.

गुडघ्यांवरून मागं कसं सरकायचं
हे कुणी शिकवत नाही, पण येतं.
थाळी तिथंच, खुरपं तिथंच.
बांधावर मायाप्पा, काखेत घोंगडी:
"किती येळ हाका मारतुया.
कानात बुचं घालून फिरतासा."
मग तंबाखू मळत त्यानं नुसती हनुवटी उचलली.

ओढ्याच्या काठावर लांडगी.
उभी नाही, दबा धरून नाही,
पुढचे पाय जोडून बसलेली,
दवाखान्यात नंबर लावल्यासारखी.
"सकाळधरनं हाय," तो म्हणाला.
"तीबी पुरून ठेवती खायचं.
तिला वाटलं, ह्याला आपलं घावतंय का काय."
मी वळून पुरतं बघेपर्यंत
काठावर फक्त काठ होता.

ऊन चढलं तसं फुरसं दगडाखाली गेलं.
मायाप्पाच्या काठीनं थाळी ओढून घेतली,
खुरप्यापर्यंत काठी पुरली नाही,
हात कुणी पुढं केला नाही.
ते अजून तिथंच आहे, शिळेच्या बरोबर वर.
पुन्हा कधी थाळी फिरवलीच
तर लोखंडच बोलेल, जाड,
आणि खालची शीळ दबून जाईल.

घरी अनसूयानं विचारलं, आज काय?
म्हटलं, कॉन्टॅक्ट लूज होता.

सोमवारी एकानं रेडिओ आणला.
लावून दाखवला. खरखर करत होता.
स्क्रू काढले,
आणि झाकण उचलायच्या आधी
स्टूल जरा मागं घेतलं.