शंभराचे एक्याण्णव

लास प्लुमासच्या पंपावर टाकी भरते
काठोकाठ, नळी थांबल्यावरही दोनदा दाबून,
आणि वहीत लिहिते: तारीख, लिटर, काटा.
शेवटच्या रकान्यात वारा.
चुबुतमध्ये वारा धरल्याशिवाय कुठलाच हिशेब पुरा होत नाही.
पश्चिमेला निघालं की तो बॉनेटवर तळवा टेकून उभा,
पूर्वेला निघालं की तोच मागून ढकलणार.

वही बाबांची. निम्मी त्यांनी भरली,
निम्मी कोरी ठेवून गेले.
गाडीही त्यांचीच: अठ्ठ्याहत्तर सालची फोर्ड पिकअप,
सहा सिलिंडर, एक कार्ब्युरेटर,
आणि तहान अशी की उन्हाळ्यातल्या मेंढ्यांनी लाजावं.

हिवाळाभर तिच्यामागे लागले.
एअर फिल्टर खिडकीशी धरला, उजेड आरपार येईना.
प्लग काढले. सहाही काजळीने माखलेले,
वैद्यापुढे निमूट काढलेल्या जिभांसारखे.
चोकची पाकळी पूर्ण उघडतच नव्हती,
इंजिन तापलं तरी
हुडहुडी भरल्यासारखं पीतच राहायचं.
केबल रॉकेलात बुडवून, पिळून, शिव्या देऊन मोकळी केली.
फ्लोट दोन मिलिमीटर खाली.
टायरांत हवा. मागचा एक ब्रेक घासत होता, तोही सोडवला.
ऐंशीच्या वर जायचं नाही ही शपथ
पहिल्याच आठवड्यात तीनदा मोडली.

प्लग आता फिकट तपकिरी, दूध घातलेल्या कॉफीसारखे.
वहीत मात्र लिटरला पाच पूर्णांक एक.
बाबांच्या जुन्या पाच पूर्णांक दोनाला
काही केल्या हात लागेना.

"कुठंतरी पाणी मुरतंय," बाबा म्हणायचे.
वाक्य पेट्रोलबद्दल असायचं, नजर क्रेसेन्सिओवर.
अकरा वर्षं लोकर कातरली त्याने आमच्याकडे.
पिंपांच्या कोठीची चावी त्याच्या कमरेला,
गाडी रात्री त्याच्या खोलीच्या भिंतीशी.
आकडा घसरला तेव्हा बाबांना एक रबरी नळी दिसायला लागली,
जी आमच्यापैकी कुणी कधीच पाहिली नव्हती.

परवा पंचवीस नंबरच्या रस्त्यावर, रेडिओ बंद पडला म्हणून,
कडेचे किलोमीटरचे फलक मोजत गेले.
फलक म्हणाले शंभर.
काटा म्हणाला एक्याण्णव.
येताना पुन्हा मोजले. एक्याण्णवच.
गाडी थांबवून उतरले, वाऱ्याने दार हातातून हिसकलं.
टायर पाहिले. रोजचेच,
पण पिकअपला मोठ्या भावाचे बूट घातल्यासारखे.
मोठं चाक कमी फिरतं.
कमी फिरलेलं चाक कमी रस्ता कबूल करतं.
एवढंच.

वही मागे चाळली. बाबांचंच अक्षर, साल एकोणनव्वद:
१४ जून. रस्तेखात्याच्या लिलावात चार मोठे टायर. स्वस्त पडले.
जुलै. ४.७.
ऑगस्ट. ४.७.
३ सप्टेंबर. क्रेसेन्सिओला काढलं.
एकाच पानावर, बाबा.
पान उलटायचीसुद्धा गरज नव्हती.

तो आता गायमनला असतो, भाचीकडे, पॉपलरच्या ओळीमागे.
काय बोलायचं ते दोनशे किलोमीटर जुळवत गेले,
दारात सगळं सांडलं.
त्याने वही हातात घेतलीच नाही.
गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली,
टायरवर काठी टेकवली.
"हे मीच बसवलेले. नट गंजले होते, अख्खा दिवस गेला."
मग बराच वेळ काही नाही.
मग: "बॉनेट उघड. चालू राहू दे."
कान तिरका करून ऐकलं.
"अजून जरा जास्त पितेय."

मी स्क्रू ड्रायव्हर दिला. त्याचा हात थरथरत होता,
खाचेत टोक बसेपर्यंतच.
पाव फेरा आत.
इंजिन अडखळलं, सावरलं.
"किती देते बघ," म्हणाला, "आणि कळव."
माते विचारला नाही, बसही म्हणाला नाही.

घरी जाताना वारा समोरून होता.
तसं लिहिलं.