तर येईपर्यंत

नकाशात इथे पूल आहे,
शिसपेन्सिलीने काढलेला.
इर्या सांगते, बाप पंचायतीत होता,
दर निवडणुकीला बांधायचा तो हा.

ताउनो इंजिन बंद करतो.
तर पलीकडे. तिच्यावर एक ट्रॅक्टर,
आणि तरवाला ट्रॅक्टरवाल्याशी बोलतोय,
हिवाळाभर साठवलेलं, एकेक करून.

रात्रीचे अकरा.
ऊन बर्चच्या बुंध्यांवरून उतरायचं नाव घेत नाही.
चार दिवसांत एकशे ऐंशी किलोमीटर झाले.
टपावरचा तंबू अजून ओला, परवाच्या तळ्याने;
त्या तळ्याचं नाव काय, यावर
सकाळपासून दोघांत वाद.
लांब तळं, ताउनो म्हणतो.
फिनलंडात दर तिसरं तळं लांब तळंच,
म्हणजे हरायची भीती नाही.

इर्या पेन्सिलीला टोक काढते.
पूल खोडत नाही.
त्याच्याखाली लिहिते, बापापेक्षा बारीक अक्षरात:
इथे थांबलो. मासे दोन, डास मोजले नाहीत.

तर निघते.
पाण्यातून वर येणारी तार ठिबकत राहते.
काठाला लागते, फळी खाली पडते,
ट्रॅक्टर धुरळा उडवत जातो.
तरवाला हात करतो: या.

ताउनो किल्लीला हात लावत नाही.
कॉफी ओतलीय नुकती, तो ओरडून सांगतो,
तुम्हीच या.